फ्रेंच व्याकरणाचा प्रश्न आधी मराठीला विचारा: कोकणातील विद्यार्थ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

रत्नागिरीजवळच्या एका गावात, आमच्या घराच्या पडवीत, मी गेली काही वर्षे फ्रेंच शिकवते. येणाऱ्यांमध्ये अकरावी-बारावीला फ्रेंच घेतलेली मुले असतात, जहाजावर किंवा मोठ्या हॉटेलात नोकरी धरू पाहणारे तरुण असतात आणि पर्यटकांसाठी घरातल्या दोन खोल्या वेगळ्या काढलेली एखादी गृहिणीही असते. त्यांचे प्रश्न मात्र ठरलेलेच असतात, कारण सर्वांच्या हातातली पुस्तके इंग्रजीतून फ्रेंच समजावणारी असतात. इंग्रजीत नामाला लिंग नाही, क्रियापद कर्माप्रमाणे बदलत नाही, थोरामोठ्यांसाठी वेगळे सर्वनाम नाही; म्हणून त्या पुस्तकांत या गोष्टी अपवाद आणि संकटे म्हणून येतात. आपल्याला त्या जन्मापासून येत असतात. माझे सांगणे एवढेच आहे की फ्रेंच व्याकरणाचा प्रश्न पडला की तो आधी मराठीला विचारावा, मराठीने उत्तर दिले तर ते तपासून घ्यावे आणि जिथे मराठी गप्प बसते तिथेच खरी मेहनत करावी.

त्यासाठी एक वही करावी. डाव्या पानावर आपण घरात सहज बोलतो तसे मराठी वाक्य लिहावे, उजव्या पानावर फ्रेंच वाक्य रोमन लिपीत लिहावे आणि खाली एका ओळीत दोघांमधला फरक नोंदवावा. या लेखात मी फ्रेंच शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत देत आहे; वहीत मात्र त्यांचे मूळ वर्णलेखन शब्दकोशातून पाहूनच उतरवावे, कारण फ्रेंचमधील निम्मे व्याकरण न उच्चारल्या जाणाऱ्या अक्षरांत दडलेले असते. माझ्या लेखनातला ‘झ’ हा ‘झाड’मधला समजावा आणि ‘ज’ हा ‘जीव’मधला, पण जीभ टाळूला न टेकवता. चंद्रबिंदू दिसेल तिथे स्वर नाकातून काढावा आणि शेवटी ‘न’ किंवा ‘म’ येऊ देऊ नये. मालवणीत ‘खंय’ आणि ‘थंय’ म्हणताना जो नाकातला स्वर आपोआप निघतो, त्याच वाटेने हे फ्रेंच स्वर निघतात, आणि म्हणून सिंधुदुर्गातल्या मुलांना ते शहरातल्या मुलांपेक्षा लवकर साधतात, असे मी पाहिले आहे.

पहिली पायरी: भूतकाळात ‘आव्वार’ की ‘एत्र’?

हा प्रश्न मला सर्वाधिक विचारला जातो. फ्रेंचमध्ये रोजच्या बोलण्यातला पूर्ण भूतकाळ दोन शब्दांनी बनतो: आधी ‘आव्वार’ (जवळ असणे) किंवा ‘एत्र’ (असणे) या साहाय्यक क्रियापदाचे वर्तमानकाळी रूप आणि मग मुख्य क्रियापदाचे भूतकाळवाचक रूप. बहुतेक क्रियापदे ‘आव्वार’ घेतात, पंधरा-सोळा क्रियापदे ‘एत्र’ घेतात, आणि विद्यार्थी ती यादी पाढ्यासारखी घोकतात.

एका एप्रिलच्या दुपारी शिकवणी चालू असताना अंगणात टेम्पो आला. एक विद्यार्थी उठला, हौद्यात चढला, आंब्याच्या पेट्या खाली दिल्या आणि परत येऊन बसला. मी त्याला म्हटले, आता जे केलेस ते मराठीत सांग. तो म्हणाला, “मी चढलो, पेट्या उतरवल्या, मग मी उतरलो.” त्याच्या या एका वाक्यात अख्खा धडा होता. ‘मी उतरलो’ म्हणजे ‘ज सुई देसाँद्यू’, इथे ‘एत्र’. ‘मी पेटी उतरवली’ म्हणजे ‘जे देसाँद्यू ला केस’, इथे ‘आव्वार’. फ्रेंच क्रियापद दोन्हीकडे एकच आहे. आपण स्वतः उतरलो की दुसरी वस्तू उतरवली, यावर साहाय्यक ठरते. मराठी हा भेद क्रियापदातच करते: चढलो आणि चढवली, बाहेर पडलो आणि बाहेर काढली. होडी वल्हवत बंदराबाहेर नेणारा खलाशी स्वतःबद्दल ‘ज सुई सोर्ती’ म्हणेल आणि होडीबद्दल ‘जे सोर्ती ला बार्क’.

यावरून एक चाचणी तयार होते. वाक्याचा कर्ता ‘मी’ असेल तर त्याच्या जागी ‘तो’ घालून पाहावा. मराठीत ‘त्याने’ म्हणावे लागले, तर फ्रेंचमध्ये ‘आव्वार’ घ्यावे: त्याने खाल्ले, त्याने पाहिले, त्याने लिहिले. ‘तो’ तसाच राहिला, तर ‘एत्र’ची शक्यता आहे: तो गेला, तो आला, तो पोहोचला, तो निघाला, तो पडला, तो राहिला, तो जन्मला, तो वारला, तो परतला. ही सगळी ‘एत्र’च्या यादीतलीच क्रियापदे आहेत.

मी ‘शक्यता’ म्हटले ते जाणूनबुजून. ‘तो धावला’, ‘तो झोपला’, ‘तो हसला’, ‘तो चालला’, ‘तो पोहला’ यांतही ‘ने’ नाही, पण फ्रेंच इथे ‘आव्वार’च घेते: ‘इल आ कूर्यू’, ‘इल आ दोर्मी’. ‘राहिला’ सोडल्यास ‘एत्र’ फक्त जागा किंवा अवस्था बदलल्याचे सांगणाऱ्या त्या मोजक्या क्रियापदांना मिळते. धावणे-पोहणे ही कशी हालचाल झाली ते सांगतात, कुठून कुठे गेलो ते सांगत नाहीत. बोलणे, शिकणे, विसरणे यांनाही मराठीत ‘ने’ लागत नाही, तरी फ्रेंचमध्ये ‘आव्वार’ येते. उलट ‘करणे’ लावून बनवलेल्या संयुक्त क्रियापदांवर चाचणी चालवू नये: ‘त्याने प्रवेश केला’मध्ये ‘ने’ आहे, पण फ्रेंचमध्ये ‘इ ले आँत्रे’, म्हणजे ‘एत्र’. ‘तो आत आला’ असे साधे करून घेतले की चाचणी पुन्हा बरोबर उत्तर देते. शेवटची गोष्ट म्हणजे ‘स’ लागणारी आत्मवाचक क्रियापदे, जसे ‘स लवे’, म्हणजे उठणे, नेहमीच ‘एत्र’ घेतात; तिथे चाचणीचा संबंधच नाही.

दुसरी पायरी: क्रियापद कोणाशी जुळवून घेते?

‘एत्र’ आले की क्रियारूप कर्त्याप्रमाणे बदलते. ‘तो उतरला, ती उतरली, त्या उतरल्या’ असे म्हणणाऱ्याला हे समजावून सांगावे लागू नये. फ्रेंच फक्त लिहिताना स्त्रीलिंगासाठी रोमन ‘ई’ आणि अनेकवचनासाठी ‘एस’ जोडते, आणि कान बहुधा काहीच ऐकत नाही.

खरा गोंधळ ‘आव्वार’च्या बाबतीत होतो. नियम असा आहे की कर्म क्रियापदाच्या नंतर आले तर क्रियारूप बदलत नाही, आणि कर्म आधी येऊन गेले असेल तर क्रियारूप त्या कर्माप्रमाणे बदलते. हे वाचून इंग्रजीतून शिकणारे डोक्याला हात लावतात. आपण मात्र ‘मी आंबा खाल्ला’ आणि ‘मी कैरी खाल्ली’ हे तिसऱ्या वर्षापासून अचूक म्हणत आलेलो आहोत. कर्माप्रमाणे क्रियापद वळते ही कल्पना आपल्या रक्तात आहे. फ्रेंचमध्ये ती अर्ध्याच ठिकाणी लागू होते, एवढेच शिकायचे. ‘मी पत्र लिहिले’ हे ‘जे एक्री ला लेत्र’, इथे बदल नाही. ‘मी लिहिलेले पत्र’ हे ‘ला लेत्र क जे एक्रीत’, इथे ‘लेत्र’ स्त्रीलिंगी असल्यामुळे शेवटचा ‘त’ ऐकू येऊ लागतो. ज्या वाक्याचे मराठीत ‘लिहिलेले’, ‘खाल्लेली’, ‘उघडलेले’ असे रूप होते, त्या फ्रेंच वाक्यात थांबून कर्माचे लिंग पाहावे. परीक्षेतील या प्रकारच्या बहुतेक वाक्यांची सोय या एका सवयीने लागते.

हा नियम फ्रेंचमध्ये रुजण्यामागे क्लेमाँ मारो या सोळाव्या शतकातील कवीचा मोठा हात आहे. त्याने १५३८ च्या एका छोट्या कवितेत, इटालियन भाषेचा दाखला देऊन, आपल्या शिष्यांना तो सांगितला. आज बोलताना फ्रेंच माणसेही तो वारंवार विसरतात. लिहिताना मात्र त्याची अपेक्षा असते, त्यामुळे तो टाळून चालत नाही.

तिसरी पायरी: मराठी जिथे गप्प बसते, ती उपपदे

मराठीत उपपदे, म्हणजे नामाआधी लागणारे छोटे शब्द, नाहीत. म्हणून इथे कानावर भरवसा ठेवता येत नाही, आणि इथेच सर्वाधिक वेळ द्यावा असे मी सांगते. कोकणात उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही, मासळीच घेऊ. पुढील चार वाक्ये वहीच्या पहिल्या पानावर लिहून रोज मोठ्याने म्हणावीत.

‘मला मासे आवडतात’ म्हणजे ‘जेम ल प्वासों’. आवड ही सगळ्या प्रकाराबद्दल असते, म्हणून निश्चित उपपद ‘ल’.

‘मी मासे खातो’ म्हणजे ‘ज माँज द्यू प्वासों’. जगातले सगळे मासे कोणी खात नाही. त्यातला काही भाग खातो, म्हणून अंशवाचक ‘द्यू’. स्त्रीलिंगी नामाला ‘द ला’ आणि अनेकवचनाला ‘दे’ लागते.

‘मी मासे खात नाही’ म्हणजे ‘ज न माँज पा द प्वासों’. नकार आला की अंशवाचक उपपद आणि ‘अँ’, ‘युन’ ही अनिश्चित उपपदे आक्रसून नुसते ‘द’ उरते.

‘मला मासे आवडत नाहीत’ म्हणजे ‘ज नेम पा ल प्वासों’. इथे नकार असूनही ‘ल’ जागचा हलत नाही, कारण निश्चित उपपदावर नकाराचा परिणाम होत नाही.

विद्यार्थी चुकतात ते चौथ्या वाक्यात, तिसऱ्याचा नियम तिकडे ओढून नेल्यामुळे. आपण काय म्हणत आहोत, आवडीची गोष्ट की खाण्याची, हे आधी ठरवावे. आवडणे, नावडणे, अधिक पसंत असणे यांच्या पुढे नेहमी ‘ल’, ‘ला’, ‘ले’. मापाचा किंवा प्रमाणाचा शब्द आला की पुन्हा नुसते ‘द’: ‘अँ किलो द प्वासों’, ‘बोकू द री’, म्हणजे एक किलो मासे, पुष्कळ भात. आणि ‘एत्र’चा नकार हा वेगळा आहे: ‘हा मासा नव्हे’ म्हणताना ‘स ने पा द्यू प्वासों’, उपपद पूर्ण राहते, कारण इथे माशाचे प्रमाण शून्य झाले असे आपण सांगत नसून ही वस्तू दुसरीच आहे असे सांगत आहोत.

चौथी पायरी: लिंग

लिंग असते ही कल्पना आपल्याला नवी नाही, पण मराठीतले लिंग फ्रेंचमध्ये नेऊ नये. समुद्र पुल्लिंगी, ‘ला मेर’ स्त्रीलिंगी. पाऊस पुल्लिंगी, ‘ला प्लुई’ स्त्रीलिंगी. आंबा पुल्लिंगी, ‘ला माँग’ स्त्रीलिंगी. होडी स्त्रीलिंगी, ‘ल बातो’ पुल्लिंगी. बंदर नपुंसकलिंगी, आणि फ्रेंचमध्ये तिसरे लिंगच नसल्यामुळे ‘ल पोर’ पुल्लिंगात गेले. वारा तेवढा दोन्हीकडे पुल्लिंगी राहिला, ‘ल वाँ’. म्हणून नाम कधीही सुटे पाठ करू नये. ‘ला मेर’ हा एकच शब्द आहे असे समजून जिभेवर बसवावे.

शब्दाचा शेवट बराच आधार देतो. ‘-स्यों’ने संपणारी बहुतेक भाववाचक नामे स्त्रीलिंगी, ‘-माँ’ने संपणारी बहुतेक पुल्लिंगी, ‘-आज’ने संपणारी बहुतेक पुल्लिंगी. शेवटच्या गटाचे अपवाद मोजके पण रोजचे आहेत, आणि आपल्या किनाऱ्यावर पहिल्याच दिवशी लागणारा ‘ला प्लाज’, म्हणजे समुद्रकिनारा, हा त्यातलाच. ‘लिमाज’ म्हणजे चित्र आणि ‘ला पाज’ म्हणजे पान, हेही स्त्रीलिंगी.

‘सों’ आणि ‘सा’ यांबद्दलही हटकून विचारले जाते. ‘सा सर’ म्हणजे त्याची बहीण की तिची बहीण? दोन्ही. मराठी ‘त्याची’ आणि ‘तिची’मध्ये मालक आणि वस्तू दोघांचेही लिंग दाखवते, फ्रेंच फक्त शेवटच्या ‘ची’कडे पाहते. ‘माझी शाळा’ मात्र ‘मो नेकोल’, कारण स्वराने सुरू होणाऱ्या स्त्रीलिंगी शब्दापुढे उच्चाराच्या सोयीसाठी पुल्लिंगी रूप येते.

पाचवी पायरी: ‘गेलो’ आणि ‘जायचो’

अपूर्ण भूतकाळ आणि पूर्ण भूतकाळ यांतला फरक इंग्रजीतून समजावताना पाने खर्ची पडतात. मराठीत ‘मी निघाले तेव्हा पाऊस पडत होता’ असे म्हणा: ‘इल प्लवे काँ ज सुई पार्ती’. ‘पडत होता’ अपूर्ण, ‘निघाले’ पूर्ण. ‘लहानपणी आम्ही गणपतीला गावी जायचो’ यातला ‘जायचो’ही अपूर्ण: ‘नू झाल्यों ओ विलाज’. ‘-त होतो’ आणि ‘-यचो’ दिसले की अपूर्ण काळ, नुसते ‘-लो’ दिसले की पूर्ण काळ, असे धरून चालावे.

एकाच जागी मराठी फसवते. ‘मी तीन वर्षे मुंबईत राहत होतो’ असे आपण सहज म्हणतो, पण मुदत सांगून ती संपल्याचे कळवले की फ्रेंचला पूर्ण काळच लागतो: ‘जे वेक्यू त्र्वा झाँ आ मुंबई’. मुदत अजून चालू असेल तर उलट वर्तमानकाळ लागतो, आणि तिथे मराठी पुन्हा मदतीला येते. ‘मी तीन वर्षांपासून रत्नागिरीत राहतो’ म्हणजे ‘जाबीत आ रत्नागिरी दप्युई त्र्वा झाँ’, शब्दाला शब्द. या वाक्यात भूतकाळ घालणारा विद्यार्थी मनात इंग्रजी वाक्य जुळवत असतो, हे मला लगेच ओळखू येते.

सहावी पायरी: ‘येईल’ आणि ‘यावे’

‘स्युब्जाँक्तीफ’, म्हणजे इच्छा किंवा शंका दाखवणारे क्रियारूप, या नावानेच मुले घाबरतात. त्यांना मी दोन वाक्ये देते: ‘तो येईल असे मला वाटते’ आणि ‘त्याने यावे असे मला वाटते’. क्रियापद तेच ‘वाटते’, पण पहिल्यात अंदाज आहे आणि दुसऱ्यात इच्छा. फ्रेंचमध्ये पहिले ‘ज पाँस किल व्यँद्रा’ आणि दुसरे ‘ज व किल व्येन’. आपल्या विध्यर्थी ‘-वे’च्या जागी फ्रेंचमध्ये बहुतेक वेळा हे रूप येते: इच्छा, गरज, आज्ञा, परवानगी. ‘इल फो क त्यू व्येन’, म्हणजे तू यायलाच हवे. ‘तो येईल अशी आशा आहे’ यात ‘यावे’ नाही, आणि फ्रेंचमध्येही ‘जेस्पेर’पुढे साधा भविष्यकाळच येतो, ‘जेस्पेर किल व्यँद्रा’. फरक पडतो तो नकारात: ‘तो येईल असे मला वाटत नाही’ इथे मराठी ‘येईल’च ठेवते, फ्रेंच मात्र शंका मानून ‘ज न पाँस पा किल व्येन’ म्हणते. आनंद, खेद, भीती यांनंतरही फ्रेंचला हेच रूप लागते आणि मराठीला लागत नाही. या जागा वहीत लाल शाईने नोंदवाव्यात.

सातवी पायरी: गाळलेली सर्वनामे

‘आंबे खाल्लेस का?’ ‘हो, तीन खाल्ले.’ मराठीत उत्तर पूर्ण आहे. फ्रेंचमध्ये ते लंगडे राहते, कारण तिथे ‘त्यातले’ म्हणावेच लागते: ‘जाँ ने माँजे त्र्वा’. हा ‘आँ’ म्हणजे आपला ‘त्यातले’ किंवा ‘त्याबद्दल’. दुसरा ‘ई’, म्हणजे आपला ‘तिथे’ किंवा ‘त्यात’: ‘जी वे’, मी तिथे जातो. आपण संदर्भाने समजते म्हणून कर्म गाळतो, आणि ही सवय इतकी खोल आहे की चांगल्या विद्यार्थ्यांच्या लेखनातही ‘ल’, ‘ला’, ‘आँ’ निसटतात. उपाय एकच: उत्तर लिहून झाल्यावर प्रत्येक क्रियापदाला ‘काय?’ आणि ‘कुठे?’ असे विचारावे, आणि वाक्यात उत्तर सापडले नाही तर सर्वनाम घालावे.

दोन सर्वनामे एकत्र आली तर क्रम असा: आधी ‘म, त, स, नू, वू’, मग ‘ल, ला, ले’, मग ‘ल्युई, लर’, मग ‘ई’, शेवटी ‘आँ’, आणि त्यानंतर क्रियापद. आज्ञार्थी होकारी वाक्यात सर्वनामे क्रियापदानंतर जातात आणि त्यांत ‘ल, ला, ले’ आधी येतात: ‘दोन-ल-म्वा’, ते मला दे.

उरलेले प्रश्न

‘त्यू’ आणि ‘वू’ यांचे उत्तर ‘तू’ आणि ‘तुम्ही’ असेच आहे, फक्त आपण आईला ‘तू’ आणि वडिलांना ‘तुम्ही’ म्हणत असलो, तरी फ्रेंच घरांत आज दोघांनाही सहसा ‘त्यू’च म्हणतात. दुकानदार, अनोळखी पाहुणा आणि मुलाखत घेणारा अधिकारी यांना ‘वू’ म्हणावे. ‘ओं’ म्हणजे साधारणपणे आपले ‘आपण’, पण त्याचे क्रियापद एकवचनी असते: ‘ओं माँज’, आपण जेवूया किंवा आपण जेवतो.

‘मला कोकणाची आठवण येते’ हे फ्रेंचमध्ये ‘ल कोंकण म माँक’. इथे कोकण कर्ता आणि मी ‘मला’, म्हणजे मराठीसारखीच रचना. ‘मला पोहता येते’ हे ‘ज से नाजे’, ‘साव्वार’ क्रियापदाने. माणसाला किंवा गावाला ओळखत असू तर ‘कोनेत्र’.

विशेषण साधारणपणे नामानंतर येते, मोजकी रोजची विशेषणे आधी येतात, आणि काहींचा अर्थ जागेप्रमाणे बदलतो. ‘जुने घर’ या आपल्या शब्दांत दोन अर्थ आहेत: पूर्वी आपण राहत होतो ते, किंवा खूप वर्षांपूर्वी बांधलेले. फ्रेंच पहिल्याला ‘मो नाँस्येन मेझों’ म्हणते आणि दुसऱ्याला ‘युन मेझों आँस्येन’.

‘तो मच्छीमार आहे’ हे ‘इ ले पेशर’, उपपदाशिवाय. ‘तो चांगला मच्छीमार आहे’ हे ‘से तँ बों पेशर’, उपपदासह. गावापुढे ‘आ’ (‘आ रत्नागिरी’, ‘आ गोआ’), स्त्रीलिंगी किंवा स्वराने सुरू होणाऱ्या देशापुढे ‘आँ’ (‘आँ नँद’, म्हणजे भारतात), पुल्लिंगी देशापुढे ‘ओ’ (‘ओ जापों’), अनेकवचनी देशापुढेही उच्चाराने ‘ओ’च, फक्त लिहिताना शेवटी ‘एक्स’.

ऐंशीला ‘कात्र वँ’, म्हणजे चार वीस, का म्हणतात असे विचारणाऱ्यांनी घरातल्या आजीला विचारावे. ‘चार विसा’ हे मोजणे जुन्या माणसांच्या कानाला परके नाही. नव्वद म्हणजे ‘कात्र वँ दिस’, चार विसा दहा. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये नव्वदला ‘नोनाँत’ म्हणतात, पण परीक्षेची तयारी फ्रान्समधल्या रूपांवर करावी.

आणि ‘सी’. नकारार्थी प्रश्नाला होकार द्यायचा असेल तर ‘वी’ चालत नाही, ‘सी’ लागते, आणि हा शब्द मुलांना कितीही सांगितला तरी ऐन वेळी आठवत नाही. मागच्या पावसाळ्यात एका मुलीला मी विचारले, “जेवली नाहीस अजून?” ती म्हणाली, “जेवले की!” तो ‘की’ म्हणजे ‘सी’. त्या दिवसापासून तिचा हा शब्द एकदाही चुकलेला नाही.